उद्याचा पाऊस किती मिलिमीटर, ते आज रात्रीच लिहा

मागच्या अंकात आमच्या गावात चालते त्या रोजच्या हवामान अंदाज स्पर्धेबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. त्यावर एवढी पत्रं आणि मेसेज आले की यावेळचं अख्खं सदर त्यालाच दिलंय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, काहींची भाषा आहे तशीच ठेवली.

आमच्या शाळेत आणि गावात मिळून अशी स्पर्धा सुरू करायची आहे. नियम काय ठेवायचे, मोजायचं कसं, पॉइंट कसे द्यायचे? (शिक्षक, दिग्रस तालुका)

सर, उद्या काय होणार ते आकड्यात सांगायचं, ठरलेल्या वेळेच्या आत सांगायचं, आणि कुठं मोजणार नि किती वाजता मोजणार ते आधीच ठरलेलं असलं पाहिजे, एवढी ही स्पर्धा. "उद्या बरा पाऊस आहे" हा अंदाजच नाही, कारण चार थेंब आले तरी सांगणारा म्हणतो मी म्हटलं होतं ना, आणि नाल्याला पूर आला तरी तेच म्हणतो. "उद्या १८ मिलिमीटर" हा अंदाज.

हे मी एवढं जीव तोडून का सांगतो तर काही वर्षांआधी जूनमध्ये मोबाईलवर एक मेसेज फिरत होता, येत्या चार दिवसांत विदर्भात दमदार पाऊस, ना तारीख ना जिल्हा ना आकडा, आणि एक चांगली सर येऊन गेली होती तर मी त्या मेसेजच्या भरवशावर सहा एकरात सोयाबीन टाकलं. त्यानंतर पंधरा-सतरा दिवस कोरडे गेले, निघालेले अंकुर मातीतच करपले, आणि दुबार पेरणीचं बियाणं उधारीवर आणलं. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याबिगर पेरू नका असं कृषीवाले दरवर्षी सांगतात, ते ऐकलं नाही ही माझी चूक, पण मेसेजवाला चुकला हे मला दाखवताच येत नव्हतं, कारण त्या चार दिवसांत विदर्भात कुठं ना कुठं पाऊस पडलाच होता. तेव्हापासून मी अंदाज आकड्यात लिहून घेतो, स्वतःचाही.

आमचे नियम असे आहेत. रोज रात्री ८ वाजेच्या आत तीन आकडे द्यायचे, उद्याचं कमाल तापमान, किमान तापमान, आणि पाऊस मिलिमीटरमध्ये. पाऊस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असा मोजायचा, कारण हवामान खातंही तसंच मोजतं. पहिल्या आठवड्यातली सगळी भांडणं याच्यावरूनच होतात बरं का, कारण सोमवारी संध्याकाळी पडलेला पाऊस मंगळवारच्या सकाळच्या आकड्यात येतो आणि लोक म्हणतात मंगळवारी तर ऊन होतं. म्हणून फळ्यावर नुसता वार लिहू नका, "सोम ८.३० ते मंगळ ८.३०" असं पूर्ण लिहा.

अंदाज कोणी कोणाचा पाहायचा नाही. आमच्याकडे एका ताईंना वैयक्तिक मेसेज करतात, ज्यांच्याकडे मोबाईल नाही ते ग्रामपंचायतीच्या डब्यात चिठ्ठी टाकतात, आणि ८ वाजून गेले की सगळे आकडे एकदम ग्रुपवर पडतात. उशीर झाला तर अंदाज घ्यायचा नाही, सरपंचाचाही नाही. जो आकडा देत नाही त्याच्या नावावर काल जेवढं मोजलं तेवढंच टाकायचं, म्हणजे दांडी मारणाऱ्याला फुकटचा फायदा नाही आणि एकदम मारही नाही.

पॉइंट म्हणजे चुकीचे पॉइंट, कमी ज्याचे तो पुढे. तापमानात एक अंश चुकलं की २ पॉइंट. पावसात सरळ हिशोब लावू नका. फवारणी ठरवणाऱ्या कास्तकाराला ० आणि ८ मिलिमीटर यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो पण ८० आणि ८८ मध्ये काहीच नाही, दोन्ही वेळेस वावरात पाय ठेवता येत नाही. म्हणून पहिल्या १० मिलिमीटरपर्यंत प्रत्येक मिलिमीटरला १ पॉइंट, १० ते ५० मध्ये अर्धा, त्याच्यावर ०.१. समजा कोणी ४ सांगितलं आणि ३० पडला, तर ४ ते १० चे ६ आणि १० ते ३० चे १०, एकूण १६. पोरांना हा हिशोब दोन दिवसांत तोंडपाठ होतो.

मोजायचं यंत्र विकतचं नसलं तरी चालते. ११.३ सेंटिमीटर तोंडाचं प्लास्टिकचं नरसाळं शोधा, बाजारात पट्टी घेऊनच जा, कारण एवढ्या तोंडाचं क्षेत्रफळ जवळपास १०० चौरस सेंटिमीटर भरतं, आणि मग १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १० मिलिलिटर पाणी. नरसाळं एका कॅनवर घट्ट बसवायचं, कॅन अर्धा जमिनीत गाडायचा म्हणजे वाऱ्यानं पडत नाही, नरसाळ्याची कड जमिनीपासून साधारण ३० सेंटिमीटर वर, आणि सकाळी साडेआठला पाणी औषधाच्या सिरिंजनं ओढून मोजायचं. १० मिलिलिटरची सिरिंज चार वेळा भरली आणि पाचव्यांदा ६ वर थांबली की ४.६ मिलिमीटर. दुसऱ्या मापाचं नरसाळं असेल तर त्रिज्येचा वर्ग गुणिले ३.१४ करून क्षेत्रफळ काढा आणि १० नं भागा, तेवढे मिलिलिटर म्हणजे १ मिलिमीटर. कडुलिंबाखाली ठेवू नका, टिनाच्या पाख्याजवळ तर नकोच, पाखं गळतं ते सगळं त्याच्यात जातं. आणि लेकरांना हे जरूर सांगा की १ मिलिमीटर ऐकायला थोडं वाटतं पण एका एकरावर ते जवळपास चार हजार लिटर पाणी होतं, मग ती सिरिंज ते वेगळ्याच नजरेनं पाहतात.

आम्ही बचत गटाच्या बायका जुलैपासून खेळतो. गंमत म्हणून सगळ्यांच्या आकड्यांची सरासरी काढून ती पण एक खेळाडू धरली, तर भाऊ, तीच दर महिन्याला वर येते. आम्हाला काही येत नाही असं समजायचं का? (समुद्रपूर तालुका)

ताई, अजिबात नाही, उलट तुमचा ग्रुप चांगला चाललाय याचा हा पुरावा आहे. जगात जिथं जिथं अशी स्पर्धा चालते तिथं हाच अनुभव येतो, बहुतेक खेळाडू सरासरीच्या मागेच राहतात आणि लांबच्या हंगामात तिला हरवणं हीच खरी मर्दुमकी समजली जाते.

समजा चार जणींनी उद्याचा पाऊस ०, ५, १२ आणि ४० असा सांगितला आणि पडला १०. चुका झाल्या १०, ५, २ आणि ३०. सरासरी येते १४.२५ म्हणजे तिची चूक सव्वाचारची, चौघींपैकी तिघींना तिनं मागं टाकलं. कारण कोणी जास्त बोलली, कोणी कमी, त्या चुका एकमेकींना खाऊन टाकतात. बाराचा आकडा सांगणारी त्या दिवशी जिंकली खरी, पण उद्या ती चाळीस सांगेल आणि दुसरीच कोणी जिंकेल, सरासरी मात्र रोज मधल्या रस्त्यानं चालते, तिचा कधीच मोठा घात होत नाही.

पण हे खरं कधी, तर प्रत्येकीनं आपापलं डोकं लावलं असेल तेव्हाच. सगळ्यांनी संध्याकाळी एकच व्हिडिओ पाहिला आणि त्यात सांगितलेला आकडा थोडा इकडे-तिकडे करून दिला तर सगळ्यांची चूक एकाच बाजूला जाते आणि सरासरी पण त्यांच्यासोबतच बुडते. अंदाज ८ वाजेपर्यंत झाकून ठेवायचे ते यासाठीच. तुमच्यापैकी कोणी मुंग्या पाहून सांगत असेल, कोणी ढगाची दिशा पाहून, कोणी ॲप पाहून, तर ते तसंच राहू द्या.

आमच्या गावात एक जण मार्चपासून मेपर्यंत रोज "पाऊस शून्य" सांगून पहिला आला. ह्याला का अंदाज म्हणाव? (कास्तकार, दारव्हा)

तुमचा राग बरोबर आहे, आणि तो फार जुना आहे. अमेरिकेत १८८४ साली जॉन फिनले नावाच्या सैन्यातल्या माणसानं चक्रीवादळाचे, तिकडचं ते टोर्नेडो, अंदाज दिले आणि ९६.६ टक्के बरोबर आले असं मांडलं. एकूण २८०३ अंदाज होते. त्याच वर्षी गिल्बर्ट नावाच्या माणसानं दाखवून दिलं की रोज डोळे मिटून "टोर्नेडो नाही" म्हटलं असतं तर ९८.२ टक्के बरोबर आले असते, कारण टोर्नेडो झालेच होते फक्त ५१ वेळा. त्यातले फिनलेनं २८ पकडले, हे कौतुकाचं काम, पण टक्केवारीत ते दिसतच नव्हतं.

म्हणून नुसते बरोबर-चूक मोजू नका. दोन मुके खेळाडू ठेवा, एक "काल जे झालं तेच उद्या" म्हणणारा आणि एक "या तारखेला दरवर्षी सरासरी जे असतं ते" म्हणणारा. या दोघांपेक्षा माणसानं किती पॉइंट वाचवले ती त्याची खरी कमाई. तुमचा शून्यवाला उन्हाळ्यात या मुक्यांच्या बरोबरीतच राहील, कमाई जवळपास काही नाही. आणि एप्रिलमध्ये ज्यानं एका दिवशी अवकाळीचे ६ मिलिमीटर आधी सांगितले, ज्याच्या शब्दावर कोणी वावरात पडलेल्या गव्हावर ताडपत्री टाकली, तो वर येईल. उन्हाळ्यात पाहिजे तर स्पर्धा फक्त तापमानाची ठेवा, कालच्या आकड्याला हरवणं तेव्हाही सोपं नाही.

टीव्हीवाला ४६ सांगते, चौकातला बोर्ड ४८ दाखवते, माह्या गाडीत ५० येते. खरं कोणतं धराव भाऊ? (वरोरा)

आधी ठरवलं असेल ते. स्पर्धेपुरतं उत्तर एवढंच, हंगाम सुरू व्हायच्या आधी एक केंद्र नक्की करा आणि मग ते कितीही खुपलं तरी बदलू नका.

खरं कोणतं म्हणाल तर हवेचं तापमान सावलीत मोजतात, जमिनीपासून साधारण चार फुटांवर, पांढऱ्या झडपांच्या लाकडी पेटीत, जिच्यातून वारा खेळतो पण ऊन शिरत नाही. चौकातला बोर्ड डांबराच्या वर उन्हात उभा असतो आणि गाडीचं यंत्र इंजिनाच्या शेजारी, ते हवेपेक्षा स्वतःचाच ताप दाखवतात. यंत्रही बिघडते. २०२४ च्या मे अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवलं, देशभर बातमी झाली, पण नागपूरच्याच दुसऱ्या केंद्रावर तेव्हा ४४ च्या आसपास होतं आणि सेन्सर बिघडल्याचं हवामान खात्यानं सांगितलं. नागपूरनं २३ मे २०१३ ला ४७.९ पाहिलेत, त्याच्यापुढं एकदम आठ अंशांची उडी म्हणजे आधी यंत्राकडे पाहायचं. म्हणून नियमात एक ओळ टाका, आकडा संशयास्पद असला तर शेजारच्या कोणत्या केंद्राचा घ्यायचा, आणि ती ओळ भांडणाच्या आधी लिहा.

अमेरिकेत कॉलेजची अशी मोठी स्पर्धा असते असं ऐकलं. ती कशी चालते? (विद्यार्थिनी, नागपूर)

तिकडं ओक्लाहोमा विद्यापीठ ही स्पर्धा चालवतं, वेगवेगळ्या विद्यापीठांचे विद्यार्थी, प्राध्यापक आपल्या गावात बसून दूरच्या एकाच शहराचा अंदाज देतात. एका शहराला दोन आठवडे, आठवड्यातून चार दिवस, म्हणजे आठ अंदाज झाले की शहर बदलतं, आज समुद्रकाठ तर पुढं डोंगर. आकडे चार, कमाल, किमान, सर्वात जोराचा सतत वारा आणि पाऊस. तापमानात एक अंश फॅरनहाइटला १ पॉइंट, वाऱ्यात एका नॉटला अर्धा, आणि पावसाला उतरती भाजणी, इंचाच्या पहिल्या दहाव्या भागापर्यंत दर शतांश इंचाला ०.४, मग ०.३, मग ०.२, अर्ध्या इंचाच्या वर ०.१. आमच्या गावची भाजणी तिथूनच उचललीय. अंदाज बंद होतो तो आपल्याकडच्या पहाटे साडेपाचला, आणि मोजणीचे २४ तास सुरू होतात आपल्या साडेअकराला, म्हणजे मधले सहा तास कोणालाच काही बदलता येत नाही. शेवटी वरच्या ६४ जणांची बाद फेरी होते.

मला यातली शहर बदलण्याची गोष्ट फार पटते. आपल्याकडेही एक आठवडा अकोला, एक गडचिरोली असं करता येतं. पश्चिमेकडे पाऊस कमी आणि लहरी, पूर्वेकडे भामरागड-सिरोंच्याच्या जंगलात तो धो धो, एकच ढोबळ अंदाज दोन्हीकडे लावला की आपटायचं नक्की. बंगालच्या उपसागरातला कमी दाबाचा पट्टा ओडिशा-छत्तीसगडवरून आपल्याकडे सरकतो तेव्हा झड लागते, तो किती उत्तरेकडून किंवा दक्षिणेकडून गेला यावर कोणत्या जिल्ह्याला किती ते ठरतं, आणि नेमका तोच रस्ता ओळखायला या खेळात शिकायला मिळतं.

ॲपवर "७० टक्के पाऊस" येतं. म्हणजे गावाच्या ७० टक्के भागात का? आणि अशा अंदाजाला पॉइंट कसे द्यायचे? (आर्वी)

नाही. असे दहा दिवस आले तर त्यातल्या साधारण सात दिवशी पाऊस येईल आणि तीन दिवशी नाही, असा त्याचा अर्थ. भागाचं सांगायचं असतं तेव्हा हवामान खातं "तुरळक ठिकाणी", "काही ठिकाणी" असे शब्द वापरतं. तुरळक म्हणजे पाऊणशे टक्के केंद्रं कोरडीच राहू शकतात, म्हणून तुरळक लिहिलेलं असताना आपल्या वावरात पडला नाही तर अंदाज चुकला असं होत नाही.

पॉइंट द्यायची एक सुंदर रीत ग्लेन ब्रायर यांनी १९५० मध्ये सांगितली. पाऊस आला तर १, नाही आला तर ०, आणि तुमच्या टक्केवारीतला फरक घेऊन त्याचा वर्ग करा. ८० टक्के म्हटलं आणि आला, तर फरक ०.२ चा वर्ग ०.०४. नाही आला तर ०.८ चा वर्ग ०.६४. रोज ५०-५० म्हणणाऱ्याला कायम ०.२५ मिळतात, ना बुडतो ना तरतो. आणि छाती ठोकून १०० टक्के म्हणून चुकला त्याला पूर्ण १. या रीतीत मनात जेवढी खात्री आहे तेवढीच लिहिण्यात फायदा असतो, फुगवून लिहिलं की मार बसतो, म्हणून मला ही सगळ्यात आवडते. पाऊस आला म्हणजे किती, ते मात्र ठरवून घ्या, हवामान खात्यात २.५ मिलिमीटर किंवा जास्त झाला की तो पावसाचा दिवस.

आमच्या आजोबांचा भेंडवळच्या मांडणीवर आणि नक्षत्राच्या वाहनावर विश्वास आहे. त्यांना स्पर्धेत घ्यावं का? (जळगाव जामोद तालुका)

जरूर घ्या, आणि मानानं घ्या. भेंडवळची घटमांडणी तुमच्याच तालुक्यातली, अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी वावरात धान्यं मांडतात आणि पहाटे त्यावरून साऱ्या हंगामाचं, पिकाचं सांगतात. ते वर्षातून एकदा सांगणं आहे, ही स्पर्धा रोजची, म्हणून एकाला दुसऱ्याच्या मापानं मोजता येत नाही. पण आजोबांना मृगात, आर्द्रात काय वाटतं ते रोज आकड्यात सांगू द्या. ज्या माणसानं साठ पावसाळे वावरात काढले त्याला संध्याकाळचा वारा कुठून फिरला हे ॲपच्या आधी कळतं, फक्त ते मिलिमीटरमध्ये बोलायची त्यांना सवय नाही. शेजारी बसून विचारा, "आबा, तिफण चालंल एवढा का नाला वाहील एवढा?" आणि त्याचा आकडा तुम्ही करा. आठवडाभरात ते स्वतः आकडा बोलायला लागतील.

थोडे थोडे पैसे लावले तर मजा येईल का?

नको. पैसा आला की सिरिंज पकडणाऱ्या पोरावर दबाव येतो. पोळ्याला पहिल्या तिघांना वही-पेन द्या, बस.

थंडीत किमान तापमान मला कधीच जमत नाही, दोन-तीन अंश हमखास चुकतो. काही युक्ती सांगा. (बी.एस्सी.चा विद्यार्थी, पुसद)

बेटा, किमान तापमान रात्री बारा वाजता नसतं, ते पहाटे, सूर्य उगवतो त्याच्या आसपास असतं, तर पहाटेचा विचार करून आकडा दे. तीन गोष्टी बघायच्या. पहिली, ढग. रात्री आभाळ असलं की जमिनीची ऊब वर जाऊ शकत नाही, गोधडी पांघरल्यासारखं होतं आणि पारा उतरतच नाही, आभाळ निरभ्र असलं की झपाट्यानं उतरतो. दुसरी, वारा. वारा वाहत राहिला तर वरची उबदार हवा खाली मिसळत राहते, वारा पडला की गार हवा जमिनीला चिकटून बसते. तिसरी म्हणजे हवेतला ओलावा, संध्याकाळचा दवबिंदू बघ, ॲपवर मिळतो. पारा उतरत उतरत दवबिंदूजवळ आला की दव पडायला लागतं, दव पडताना उष्णता बाहेर निघते आणि मग पारा हळू होतो. म्हणजे दवबिंदू १४ असेल तर ९ सांगण्यात अर्थ नाही. पण डिसेंबरात उत्तरेचं कोरडं वारं सुटलं आणि दवबिंदू ५ वर गेला, तर तो अडथळा फार खाली गेला, मग पारा कुठपर्यंत उतरेल ते रात्रीची लांबी, ढग आणि वारा यावरून ठरव.

आणि केंद्र कुठं आहे ते प्रत्यक्ष जाऊन बघून ये. गार हवा पाण्यासारखी उताराकडे वाहत जाते. आमच्या वावरात धुऱ्यावर उभं राहिलं तर नुसती थंडी वाजते, आणि तिथून शंभर पावलं खाली नाल्याकाठी गेलं की हरभऱ्याच्या घाट्यांवर हात ठेवता येत नाही एवढं गार लागतं. शहरातलं केंद्र सिमेंटच्या घरांमध्ये असलं तर आकडा वर धर, खोलगट भागात असलं तर खाली.